जुन्या बिल्डिंगचं जीआय काढून सीपीव्हीसी टाकायचं की पीपीआर, की यूपीव्हीसी, की एचडीपीई?

ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. नेरूळला सिडकोच्या काळातली चार मजली बिल्डिंग आहे, जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) लाइनी आतून गंजून गेल्यात, सकाळी पहिली बादली लाल येते आणि वरच्या मजल्याला धार करंगळीएवढी. कमिटीने तीन कोटेशन मागवली. एकाने सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं पीव्हीसी) दिलंय, दुसऱ्याने पीपीआर (पॉलीप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक) आणि ते बरंच स्वस्त, तिसरा म्हणतो सगळं यूपीव्हीसी (साधं कडक पीव्हीसी) मारून टाकू, गरम पाण्याची लाइन आहेच किती. गच्चीवर सोलर आहे. त्यात एजीएममध्ये एक काका उठून म्हणाले की महापालिका एचडीपीई (काळा, वाकणारा पॉलिथिन पाइप) टाकते, मग आपण का नाही. तर यातलं बेस्ट कुठलं, असं विचारलंय.

मी ठाणे-नवी मुंबईत प्लंबिंगचीच कामं करतो, त्यातही नव्या टॉवरपेक्षा जुन्या बिल्डिंगचं रिपायपिंग जास्त, म्हणून जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा. पहिली गोष्ट, बेस्ट पाइप असं काही नसतं, कुठल्या जागेला कुठला हे असतं. आणि दुसरी, जी जास्त महत्त्वाची आहे, तुमची ती तीन कोटेशन एकमेकांशी लावून बघताच येणार नाहीत. ती बाजूला ठेवा आणि आधी हे वाचा.

साइझची भानगड अशी आहे की सीपीव्हीसीवाला "२० एमएम" लिहितो तेव्हा तो पाऊण इंची पाइप असतो, त्याचा बाहेरचा व्यास २२ एमएमच्या थोडा वर आणि आतलं भोक साधारण १८ एमएम. पीपीआरवाला "२० एमएम" लिहितो तेव्हा तो बाहेरचाच व्यास सांगत असतो, आणि पीपीआरची भिंत जाड असते, पीएन २० (पीएन म्हणजे प्रेशरचा क्लास, आकडा मोठा तितकी भिंत जाड) घेतला तर आतलं भोक फक्त १३.२ एमएम उरतं. म्हणजे कागदावर दोन्हीकडे २० आणि पाणी जायला जागा जवळजवळ निम्मी. मग ते स्वस्त दिसणारच हो. सीपीव्हीसीच्या पाऊण इंचीला पीपीआरमध्ये २५ एमएम लावून बघायचा, तोही पीएन १६ घेतला तर भोक १८ येतं आणि पीएन २० घेतला तर १६.६. तुमच्या पीपीआरवाल्याकडून प्रत्येक लाइनचा आतला व्यास लिहून घ्या, मग रेट बघा. लबाडी असेलच असं नाही, बऱ्याच जणांना स्वतःलाच माहीत नसतं.

सीपीव्हीसीवाल्यालाही सोडू नका. जुना अर्धा इंची जीआय मीडियम क्लासचा असेल तर आतून सुमारे १६ एमएम असतो. प्लंबर म्हणतो अर्धा इंची काढला अर्धा इंची टाकला, पण अर्धा इंची सीपीव्हीसी आतून १२.४ च्या आसपास, म्हणजे जागा साठ टक्क्यांवर आली. प्लास्टिक गुळगुळीत असतं, गंजलेल्या जीआयपेक्षा धार सुधारेलच, पण चौथ्या मजल्याला गच्चीच्या टाकीपासून मिळून मिळून दोन-अडीच मीटरचं हेड (पाण्याच्या उंचीने येणारा दाब) मिळतं, तिथे एकेक एमएम मोजावा लागतो. बाथरूममध्ये शिरणारी लाइन पाऊण इंचीच ठेवा आणि नळाच्या टोकाला तेवढं अर्धा इंची करा. वरच्या दोन मजल्यांच्या डाउनटेक (गच्चीच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनी) खालच्यांपासून वेगळ्या काढता आल्या तर उत्तमच, नाहीतर खाली कोणी मशीन लावलं की वर शॉवर बंद. नवीन लाइन टाकूनही वरचे लोक भांडत बसलेत अशा सोसायट्या मी बघितल्यात आणि बहुतेक ठिकाणी पाइपचा काही दोष नव्हता, साइझ चुकली होती.

आता प्रेशर. सगळे ब्रोशर प्रेशरच्या आकड्यांनी भरलेले असतात, पण तुमच्या बिल्डिंगला तो मुद्दाच नाहीये. दहा मीटर उंची म्हणजे ढोबळमानाने एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर. चार मजली बिल्डिंगमध्ये गच्चीच्या टाकीपासून तळमजल्याच्या नळापर्यंत धरा पंधरा-सोळा मीटर, म्हणजे दीड-पावणेदोन किलो. एसडीआर ११ चा (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) सीपीव्हीसी २३ डिग्रीला २८ किलो घेतो आणि ८२ डिग्रीच्या पाण्यालाही ७ किलो घेतो. एक इंची शेड्यूल ४० यूपीव्हीसी (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा वर्ग, ८० हा ४० पेक्षा जाड) थंड पाण्याला ३० किलोच्या वर. हे आकडे बघून भुलायचं कारण नाही, तुम्हाला दोन किलोचं काम आहे. घोडबंदर रोडला तीस मजली टॉवर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नव्वद मीटरची उंची म्हणजे ९ किलो खालच्या नळावर, मग प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह लावून मजल्यांचे झोन पाडावे लागतात, तिथे पाइपचा क्लास आणि तापमान दोन्हीचा हिशोब बसून करावा लागतो. तुमच्याकडे जे बिघडणार आहे ते तीन ठिकाणी, ऊन, उष्णता आणि सांधे.

एकच जागा आहे जिथे प्रेशर खरंच चढतं, ती म्हणजे अंडरग्राउंड टाकीवरून गच्चीवर जाणारी पंपाची लाइन, राइजर. उंची तीच असली तरी पंप बंद झाला की वर चढणारं पाणी मागे येतं, एनआरव्ही (पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) धाडकन बंद होतो आणि अख्ख्या लाइनीला दणका बसतो. दर दिवसाला दोन-तीनदा, वर्षानुवर्षं. यूपीव्हीसी एकदाच आलेला जास्त प्रेशर सहन करतो पण असे रोजचे दणके त्याला हळूहळू थकवतात, आणि मग तो बारीक गळत नाही, सरळ चिरतो. म्हणून राइजरला शेड्यूल ८० घ्या, दर मजल्याला पक्का क्लॅम्प, आणि एनआरव्ही स्प्रिंगवाला शांत बंद होणारा. पंप पण तपासा, चार मजल्यांना कोणीतरी पन्नास मीटर हेडचा पंप लावून दिलेला असतो आणि गच्चीवरचा बॉलकॉक बंद झाला की ते सगळं प्रेशर पाइपवर. आणखी एक, प्लंबर डाय काढून पाइपवर आटे पाडायला लागला तर तिथेच थांबवा. शेड्यूल ४० वर आटे पाडायचेच नसतात, शेड्यूल ८० वर पाडले तरी त्याची ताकद निम्मी धरायची. आट्याच्या जागी रेडिमेड अडॅप्टर मिळतात, दहा-वीस रुपये वाचवायला जाऊ नका.

तिसऱ्या कोटेशनवाल्याचं "सगळं यूपीव्हीसी" अर्धं बरोबर आहे. थंड पाण्याला यूपीव्हीसी छान आहे, स्वस्त आहे, सांधा सोपा. पण उष्णतेला फार कच्चा. ३८ डिग्रीला त्याची ताकद साठ टक्क्यांवर येते, ४३ ला निम्मी, ६० डिग्रीला जेमतेम वीस-बावीस टक्के. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, म्हणजे थंड पाण्याची लाइनसुद्धा ४० च्या पुढे जाते. तुमच्या दोन किलोला तरीही चालून जाईल, पण गिझरच्या लाइनीला अजिबात नको. आणि फ्लॅटमध्ये कोण काय जोडेल याचा भरवसा नसतो, उद्या कोणी भाडेकरू गिझरचं मिक्सर असं जोडेल की गरम पाणी उलटं थंडच्या लाइनीत शिरेल. म्हणून घराच्या आत थंड-गरम दोन्ही सीपीव्हीसीच करा, असं माझं मत.

यूपीव्हीसी घेताना पाइपवर छापलेलं वाचा. करडा पातळ शेतीचा पाइप पण आयएस ४९८५ चाच असतो, पण ४ किलोच्या क्लासचा. आणि ड्रेनेजचा एसडब्ल्यूआर पाइप आयएस १३५९२ चा, तो प्रेशरसाठी नाहीच, तरी लावणारे लावतात. पिण्याच्या पाण्याला लेड-फ्री लिहिलेलाच घ्यायचा, पीव्हीसीमध्ये स्टॅबिलायझर म्हणून शिसं वापरायची जुनी पद्धत होती, केंद्र सरकारने त्यावर २०२१ मध्ये नियम काढलेत. सीपीव्हीसीचा नंबर आयएस १५७७८, पीपीआरचा १५८०१, एचडीपीईचा ४९८४. आयएसआय मार्कखाली लायसन्सचा सीएम/एल नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की लायसन्स खरं आहे का कळतं. माल गेटवर उतरला की सेक्रेटरींनी दोन मिनिटं काढून एवढं करावं, कारण कोटेशनमध्ये एक नाव आणि टेम्पोत दुसरं, हे नेहमीचं आहे.

पीपीआर की सीपीव्हीसी यावर लोक तावातावाने भांडतात, पण फरक मुख्यतः सांध्यात आहे. सीपीव्हीसी सोल्व्हंटने (प्लास्टिक विरघळवून चिकटवणाऱ्या द्रावणाने) चिकटतो, पीपीआर गरम करून वितळवून जोडतात. पीपीआरचा सांधा नीट झाला तर तो एकजीव होतो, तिथून गळायचं काही कारणच उरत नाही, आणि पाच-दहा मिनिटांत लाइन वापरायला तयार. लोक राहत असलेल्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी पाणी सोडायचंय तर हा मोठा फायदा आहे. पण "नीट झाला तर" हे बघा. मशीन २६० डिग्रीला पाहिजे, २० एमएमला पाच सेकंद, २५ ला सात सेकंद, मग सरळ आत ढकलायचा, फिरवायचा नाही. कारागीर घाईत असतो किंवा गप्पा मारत असतो, दहा-बारा सेकंद धरतो, मग जोर लावून आत कोंबतो, आणि वितळलेलं प्लास्टिक आतल्या बाजूला कडं करून भोक बंद करत आणतं. बाहेरून सांधा सुंदर दिसतो, टेस्टलाही पास होतो, फक्त पाणी येत नाही. मी साइटवर कामगार नवा असेल तर आधी दोन-तीन सांधे करायला लावतो आणि हॅकसॉने उभे चिरून बघतो, आत कडं दिसलं की कळतं. तुम्हीही ही अट घाला, चांगला कारागीर चिडणार नाही.

सीपीव्हीसीच्या सांध्याचं रडगाणं वेगळं. सोल्व्हंट सीपीव्हीसीचाच पाहिजे, यूपीव्हीसीचा डबा उघडा आहे म्हणून तोच फासला तर थंड पाण्याला चालल्यासारखं दिसतं आणि गिझरच्या लाइनीला काही महिन्यांत सुटतं. पाइप चौकोनी कापायचा, टोकाची कात काढायची, फडक्याने कोरडं करायचं, दोन्हीकडे लावून पाव वळसा देऊन ढकलायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा, सोडला तर तो मागे सरकतो. नंतर फिटिंगच्या कडेला सोल्व्हंटची बारीक रेघ सगळीकडून सारखी दिसली पाहिजे, एका बाजूला तुटली असेल तर तिथेच गळणार. पावसाळ्यात आणि दमट हवेत वाळायला जास्त वेळ लागतो, किती थांबायचं त्याचा तक्ता डब्यावरच छापलेला असतो पण वाचतो कोण. जुना व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल आणि पाइपातून थेंब थेंब येत असेल तर प्लंबर आत पावाचा लगदा कोंबून पाणी अडवतात, चालतं ते, फक्त नंतर नळाच्या जाळ्या काढून धुवायला सांगा, नाहीतर आठ दिवस पावाचा चुरा येत राहील.

उष्णतेने लांब होणं हा मुद्दा गच्चीवर कामी येतो. तीस मीटरची लाइन, पहाटे आणि भर दुपारी पाइपच्या तापमानात तीसएक डिग्रीचा फरक धरला तर सीपीव्हीसी साधारण सहा सेंटीमीटर वाढतो आणि साधा पीपीआर तेरा-चौदा. क्लॅम्प करकचून आवळले असतील तर पाइप नागमोडी होतो आणि सगळा ताण येतो एल्बोवर. फायबरवाला (मधल्या थरात काचेचे तंतू असलेला) पीपीआर मिळतो तो बराच कमी वाढतो. कुठलाही घ्या, सरळ लाइनीत मध्येमध्ये लूप द्या आणि क्लॅम्प पाइपला सरकू देणारे ठेवा. ऊन पण पीपीआरला सगळ्यात वाईट लागतं, साधा हिरवा पाइप उघड्यावर राहिला तर वरून पांढरी भुकटी सुटते आणि मग तडे. सीपीव्हीसी-यूपीव्हीसीलाही ऊन मानवत नाही, वरून पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग द्या, ऑइल पेंट नको, तो सीपीव्हीसीला खातो. तसंच झुरळांचं स्प्रे, तेलकट थ्रेड सीलंट, आणि पीव्हीसीची मऊ वायर पाइपला गुंडाळणं, हे सगळं सीपीव्हीसीला चालत नाही. डक्टमध्ये केबलवाले वायरी सीपीव्हीसीवरच बांधून ठेवतात, त्यांना हाकला.

सोलरकडे मात्र नीट लक्ष द्या. सुट्टीत लोक गावी गेले, पाणी कोणी वापरलं नाही की मे महिन्यात ट्यूबवाल्या सोलरच्या टाकीतलं पाणी उकळायला येतं. तिथे ना सीपीव्हीसी ना पीपीआर. सीपीव्हीसी ८२ डिग्रीपर्यंत हिशोबात आहे, पीपीआरच्या जाहिरातीत ९५ लिहिलेलं असतं पण ते थोड्या वेळापुरतं, सतत चालायला ७० च्या आसपासच धरावं. सोलरच्या टाकीच्या तोंडापासून पहिले काही मीटर धातूचाच पाइप ठेवा किंवा पेक्स-ॲल्युमिनियम-पेक्स कॉम्पोझिट (उष्णता सोसणाऱ्या पॉलिथिनच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियम), आणि नीट इन्सुलेशन. साधा पीई-ॲल्युमिनियम-पीई वेगळा, तो सोलरला नको, दिसायला दोन्ही सारखेच असतात म्हणून पाइपवरचं छापलेलं वाचूनच घ्या. घरातल्या गिझरलाही तसंच, गिझरच्या तोंडाला थेट प्लास्टिक न जोडता धातूचा जोड घ्या. गरम पाणी पंपाने सतत फिरवत ठेवायची सिस्टीम असेल तर तिथे मी पीपीआर टाळतो, गरम पाणी आणि क्लोरीन मिळून पॉलीप्रॉपिलीनला आतून हळूहळू ठिसूळ करतात. आपल्याकडे मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन क्लोरीन घालूनच येतं, सीपीव्हीसीला त्याचं काही वाटत नाही.

काकांचं एचडीपीईचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. जमिनीखाली त्याच्यासारखा पाइप नाही. महापालिकेच्या मीटरपासून तुमच्या अंडरग्राउंड टाकीपर्यंतची लाइन पीई १०० एचडीपीईची करा, रोल सलग येतो म्हणून मध्ये सांधाच नको, जमीन खचली तर वाकतो, तुटत नाही, पाण्याचा दणकाही यूपीव्हीसीपेक्षा मऊ घेतो. काळ्या रंगात कार्बन ब्लॅक असतो म्हणून उन्हाचंही भय नाही. फक्त एक, पेट्रोल-डिझेल किंवा सोल्व्हंट जमिनीत मुरलेलं असेल तर ते एचडीपीईच्या भिंतीतून आत पाण्यात उतरतं. शेजारी जुना पेट्रोल पंप असेल, किंवा टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कारखान्याला लागून जागा असेल तर तिथे दुसरा पर्याय बघावा लागतो. घराच्या आत मात्र एचडीपीई नको, छोट्या साइझमध्ये कॉम्प्रेशन फिटिंग भिंतीत गाडणं म्हणजे त्रास विकत घेणं.

तर तुमच्या बिल्डिंगला मी असं करीन: मीटर ते खालची टाकी एचडीपीई, राइजर शेड्यूल ८० यूपीव्हीसी, गच्चीवर फिरणारी लाइन आणि बाहेरच्या डाउनटेक शेड्यूल ४० किंवा ८० यूपीव्हीसी रंग देऊन, घराच्या आत सीपीव्हीसी एसडीआर ११, सोलरच्या तोंडाला धातू. पीपीआर वाईट आहे म्हणून नाही टाळत, तुमच्याकडे तो करणारा खात्रीचा माणूस आणि बरोबर साइझ असेल तर डाउनटेकला फायबरवाला लावा. पण पाच वर्षांनी रात्री अकराला कोणाच्या बाथरूममध्ये गळायला लागलं तर सीपीव्हीसीचा एल्बो आणि सोल्व्हंट कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो आणि कोपऱ्यावरचा प्लंबर लावून देतो. पीपीआरला मशीन पाहिजे, वीज पाहिजे आणि पाइप पूर्ण कोरडा पाहिजे. लोक रेटची तुलना करतात, ही गोष्ट धरतच नाहीत.

टेस्टशिवाय बिल देऊ नका. हँडपंपाने पाणी भरून चालू प्रेशरच्या दीडपट, तुमच्याकडे मी सरळ सहा किलो करून घेईन, काट्याचा फोटो काढायचा आणि काही तास तसंच ठेवायचं, झिरी (पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवायच्या आधी. हवा भरून टेस्ट करतो म्हणाला तर साफ नाही म्हणा, हवेने भरलेला पीव्हीसी फुटला तर तुकडे उडतात, माणूस जखमी होतो. टेस्ट झाली की सोल्व्हंटचा वास जाईपर्यंत लाइन वाहू द्या, मग क्लोरीनचं पाणी भरून रात्रभर ठेवून धुऊन टाका.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की तीन मेंबर बाथरूमच्या टाइल्स फोडायला तयार नाहीत, त्यांच्या घरातलं जीआय तसंच राहणार. राहू दे. प्रत्येक फ्लॅटच्या बाहेर डाउनटेकवरून टी काढून बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (खोलता येणारा जोड) देऊन ठेवा, म्हणजे ते तयार होतील तेव्हा अख्ख्या बिल्डिंगचं पाणी बंद करावं लागणार नाही. जुन्या जीआयला नवीन प्लास्टिक जोडताना प्लास्टिकच्या आतल्या आट्यात लोखंडाचा बाहेरचा आटा फिरवायचा नाही, तो पाचरीसारखा घुसून फिटिंग चिरतो, आज नाही तर सहा महिन्यांनी. पितळी इन्सर्टवालं फिटिंग घ्या, टेफ्लॉन टेप लावा, सफेदा-धागा नको, हाताने आवळून वर पान्याने एक-दीड फेरा पुरे. त्या तिघांच्या लाइनीत जुना गंज राहणारच आहे, तो त्यांच्याच नळाला येईल, बाकीच्यांना त्याचा त्रास नाही, पण हे कामाआधी त्यांच्याकडून लिहून घ्या, नाहीतर नवीन लाइनीतून लाल पाणी येतं म्हणून पहिली तक्रार त्यांचीच येणार.